सहा नंबरची चूक

११ एप्रिल २००७, बुधवार

सहा महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल वहीची माफी. ‘लिहिण्यासारखं काही घडलं नाही’ असं कारण आधी लिहिलं होतं, ते खोडलं. घडत होतं, मीच आळस केला. (खोडलेलं वाचता येतंय. असू दे.)

आज मात्र लिहायलाच हवं. आज मी एका कामाला हो म्हटलं आणि घरी पोचेपर्यंत तीनदा पस्तावले.

माझी लेक स्वराली ज्या क्लबात बेसबॉल खेळते त्या ‘वाइल्डिंगेन मोल्स’ला येत्या जुलैत पंचवीस वर्षं होतील. इथल्या जर्मन गावांत कुठल्याही फेराइनला, म्हणजे असल्या गावक्लबाला, पंचवीस वर्षं झाली की त्याची फेस्टश्रिफ्ट निघते. स्मरणिकाच ती, पण तिच्यात देणगीदारांच्या जाहिरातींपेक्षा इतिहास जास्त लागतो. प्रत्येक पालकानं क्लबासाठी वर्षाला बारा तास काम करायचं असा नियम आहे. गेली दोन वर्षं माझे तास केकमध्ये गेले. माझा बिनअंड्याचा केक दोन्ही वर्षी मी जसा नेला तसाच परत आणला. आजच्या पालकसभेत अध्यक्ष रोल्फ बॉयर्ले म्हणाले, “फ्राऊ गद्रे, तुमचं इतिहासात एम.ए. आहे ना?” सगळ्या टेबलानं इतक्या पटकन माना डोलावल्या, की केकपेक्षा इतिहास बरा हे त्यांचं आधीच ठरलेलं असावं.

माझा प्रबंध पेशवाईतल्या टपालावर होता. बेसबॉलचे नियम मला अर्धे कळतात. हे मी तिथे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण कुणीतरी मला काहीतरी विचारलं याचा आनंद झाला होता.

घरी नवऱ्याला सांगितलं. प्रताप म्हणाला, “आल्झो, तर आता तू पंचवीस वर्षांच्या फायली उपसणार आणि कुणाचं तरी लग्न मोडणार.”

१५ एप्रिल, रविवार

रोल्फ स्वतः सहा खोकी घेऊन आले. पन्नाशीचा उंच, कमी बोलणारा माणूस. शाळेच्या इमारतींची देखभाल करतात. बूट दाराबाहेर काढून आत आले, तेव्हा मला बरं वाटलं. खोक्यांवर वर्षं लिहिली होती. १९८२ पासून सुरुवात करायची, तर १९८५ चं खोकं सगळ्यात वर होतं. मी क्रम लावायला लागले, तर म्हणाले, “ते वर असू द्या.” शिवाय पोस्टाची तिकिटं बघायचं एक पितळी भिंग खिशातून काढून दिलं. पेन्सिलीचं लिखाण पुसट झालंय, दिवसाच्या उजेडात बघा, म्हणाले.

मी चष्मा पुढे-मागे करून वाचते हे त्यांनी सभेत पाहिलं असणार. किती बारीक लक्ष. मला जरा शरमल्यासारखं झालं.

खोकी मी क्रमानंच उघडणार. इतिहास मधूनच सुरू करता येत नाही.

२२ एप्रिल, रविवार

शुक्रवारी नाना आले. माझे सासरे, वय चौऱ्याहत्तर. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. तीन महिने राहतील. पुण्यात त्यांनी तीस वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलं, नोकरी सांभाळून. विमानतळावरून येताना त्यांनी विचारलं, “इथे रविवारी माणसं काय करतात?” प्रताप म्हणाला, “रिकाम्या बाटल्या गोळा करून ठेवतात, कारण रविवारी त्या काचेच्या पेटीत टाकायला बंदी आहे, आवाज होतो म्हणून.” नाना कंटाळणार, ही मला धास्ती आहे.

पहिली दोन खोकी झाली. मला वाटलं होतं तसं ते रुक्ष नाही.

१९८२ साली इथल्या पाच पोरांनी जवळच्या अमेरिकन छावणीतल्या सैनिकांचा खेळ कुंपणातून पाहिला आणि संघ काढला. पहिलं नाव ‘वाइल्डिंगेन यांकीज’. छावणीतला एक सार्जंट ते ऐकून इतका हसला की त्यांनी ते पुढच्याच आठवड्यात बदललं. गावानं मैदान दिलं ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्राशेजारचं कुरण. तिथे चिचुंद्र्यांसारखे आंधळे मोल जमीन पोखरून जागोजाग मातीचे उंचवटे करतात. म्हणून नाव मोल्स. पहिल्या बॅटा एका सुतारानं टेबलाच्या पायांसारख्या खरादून दिल्या. तीन मोडल्यावर त्यानं पत्र पाठवलं, की आपण टेबलांवर कधी इतक्या जोरात हात आपटत नाही. पहिला अधिकृत सामना ४१–३ असा हरले. इतिवृत्तात लिहिलंय: ‘तीन धावा झाल्याबद्दल समाधान व्यक्त करण्यात आलं.’

८३ मध्ये गावात दुसरा संघ निघाला, कारण पहिल्यातल्या दोघांचं भांडण झालं. दोन संघ, एक कुरण, आणि दोघांना मिळून सतरा खेळाडू. एका बाजूला नऊ लागतात. वर्षभर एका माणसाला दोन्हीकडून खेळावं लागलं. पुढे समेट होऊन एकच संघ झाला. मला वाटलं होतं अशी भांडणं आपल्या महाराष्ट्र मंडळातच होतात.

१ मे, मंगळवार

सुट्टी. नानांना मोल्सचा सामना दाखवायला नेलं. आपल्याकडच्यासारखंच, खेळ बघायला माणसं कमी आणि खायला जास्त. नाना लोखंडी बाकावर बसले आणि स्कोअररच्या टेबलाकडे बघत राहिले.

घरी येऊन मी त्यांना स्कोअरबुक समजावलं, म्हणजे मला जेवढं समजलंय तेवढं. मैदानातल्या प्रत्येक जागेला नंबर. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांच्या, मधे उभा राहतो तो सहा नंबर. चेंडू मारणारा स्वतःच्या फटक्यावर पहिल्या बेसला पोचला तर ‘हिट’. क्षेत्ररक्षकानं सोपा चेंडू सोडला म्हणून पोचला, तर हिट नाही. मग क्षेत्ररक्षकाच्या नंबरापुढे ‘ई’ लिहायचा. ई म्हणजे एरर, चूक. कुठलं काय, ते स्कोअरर ठरवतो.

नाना चमकले. “चूक वहीत लिहितात? नावानिशी?”

“हो.”

“आपल्याकडे सुटलेला झेल वहीत कुठेच नसतो,” ते म्हणाले. “तो फक्त सोडणाऱ्याच्या डोक्यात असतो. तिथेच राहू द्यावा.”

मला मात्र हे फार आवडलं. चूक लिहून ठेवणारा खेळ. आजपासून मीही लिहीन. आजची: गरम दूध ओट्यावर विसरले आणि प्रतापवर चिडले. ई, माझ्या नावावर.

६ मे, रविवार

काल १९८५ चं खोकं उघडलं. काल लिहिता आलं नाही. आज नीट क्रमानं लिहिते.

या क्लबाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे जून १९८५ मधला एक शनिवार. रोल्फ बॉयर्ले तेव्हा पिचर होते, म्हणजे चेंडू फेकायचे, आणि त्या दिवशी अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट मिळाली नाही. याला नो-हिटर म्हणतात. मोल्सच्या इतिहासात तो एकच. क्लबाच्या खोलीत त्याची पाटी आहे. त्या दिवशी समोरचा एकच माणूस बेसला पोचला, तो शेवटच्या डावात, आणि तो सहा नंबरच्या चुकीमुळे. सहा नंबर होता मानफ्रेड क्लोट्झ. तो गावात हीटर दुरुस्त करतो, सगळे त्याला ओळखतात. चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला म्हणे. ती चूक नसती तर सामना पूर्ण निर्दोष झाला असता. म्हणून दर वर्षी हंगामाच्या शेवटी मानफ्रेडला सगळ्यांसमोर एक नवी चाळणी भेट देतात. यंदा पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमात तांब्याची मोठी देणार आहेत. स्वराली सांगते, लहान मुलं त्याला ‘झीब’च म्हणतात. चाळणी.

आता मुद्दा. त्या सामन्याचं पान मी खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं. शेवटच्या डावात, सहा नंबरच्या ‘ई’च्या खाली, खोडलेलं काहीतरी आहे. कागद जरा खरवडलाय. उजेडात तिरका धरला की दिसतं. आधी तिथे हिट लिहिलेली होती.

म्हणजे नो-हिटर झालाच नव्हता.

नानांना दाखवलं. त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ लावला. म्हणाले, “स्कोअरर दोन कारणांनी खोडतो. एक, तो चुकला म्हणून. दोन, त्याच्या मागे कुणीतरी उभं होतं म्हणून.”

“यातलं कुठलं?”

“मला काय विचारतेस? ज्यानं खोडलं त्याला विचार.”

पानाच्या खाली सही आहे: इ. रॉयट्टर.

७ मे, सोमवार

दिवसभर कामात लक्ष नाही. रोल्फ आमच्याकडे बूट काढून येतात. अशा माणसानं असं करवलं असेल? प्रतापला सांगितलं. तो म्हणाला, “मी लग्न म्हटलं होतं. तू थेट देव फोडलास.”

१२ मे, शनिवार

फ्राऊ रॉयट्टर टेकडीवर राहतात, एकट्या. एकाहत्तर वय. शाळेत गणित शिकवायच्या. मी शंकरपाळ्यांचा डबा आणि नानांना बरोबर घेऊन गेले. नानांना घरी एकटं कशाला ठेवायचं म्हणून. शिवाय मला भीती वाटत होती.

मी पान पुढे ठेवायच्या आधीच त्या म्हणाल्या, “पंच्याऐंशी.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, फार न थांबता, पाठ केल्यासारखं. चेंडू मानफ्रेडच्या पायांमधून गेलाच नव्हता. तो सरळ त्याच्याकडे येत होता. वाटेत मोलच्या उंचवट्यावर आपटला आणि त्याच्या खांद्यावरून उडाला. चेंडू वेडावाकडा उडाला तर दोष क्षेत्ररक्षकाचा नाही, हिट द्यायची, असा नियम आहे. त्यांनी हिट लिहिली. सामना संपल्यावर सगळे तिकडे ओरडत, मिठ्या मारत होते, कुणाला काही माहीत नव्हतं, आणि मानफ्रेड टेबलाशी आला. ती माझ्यावर लिहा, म्हणाला.

मी विचारलं, का?

कुंपणापाशी रोल्फचे वडील सायकल धरून उभे होते. फुटबॉल क्लबाचे अध्यक्ष. अमेरिकनांचा हा खेळ मुलानं खेळावा हे त्यांना तीन वर्षं पटलं नव्हतं. पहिल्यांदाच आले होते. ते विचारत होते, शेवटची ती हिट होती का?

“मी तीस वर्षं कुणाला अर्धा गुण जास्त दिला नाही,” फ्राऊ रॉयट्टर म्हणाल्या. “त्या दिवशी एकदाच खोडलं. वडील म्हणाले, वाईट नाही. आणि सायकलवर बसून गेले.”

इथल्या, स्वाबियन माणसाकडून याहून मोठी शाबासकी नसते, हे आता मला कळतं. वडील पुढच्याच हिवाळ्यात वारले.

“रोल्फना माहीत आहे?”

“मी सांगितलं नाही. मानफ्रेड सांगणार नाही.” मग त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मी हलकंच खोडलं होतं, फ्राऊ गद्रे. मला नीट खोडताही आलं असतं. आता तुम्ही इतिहासकार आहात.”

म्हणजे बावीस वर्षांचं ओझं शंकरपाळ्यांच्या डब्याच्या बदल्यात माझ्याकडे. नाना मात्र यातलं काहीच न ऐकता बाईंच्या जुन्या स्कोअरबुकांत रमले होते. दोघांचं इंग्रजी बेताचं, पण चिन्हं दाखवून चाललं होतं. निघताना त्या नानांना म्हणाल्या, मंगळवारी या, उरलेली दाखवते. सौजन्य म्हणून. बिचारे नाना, नाही म्हणता आलं नाही त्यांना.

२२ मे, मंगळवार

रोल्फचा फोन. कुठवर आलंय, विचारलं. मी म्हटलं, चौऱ्याऐंशीपर्यंत लिहून झालं. हे खरं आहे. लिहून तेवढंच झालंय. मग म्हणाले, “हं. पुढे जा.” घाई आहे त्यांना, छपाईची तारीख जवळ आली.

अर्धं सत्य सांगितलं. ई.

नाना सलग दुसऱ्या मंगळवारी टेकडीवर गेले. इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, नाना, जायलाच हवं असं नाही, मी कळवते त्यांना. तर म्हणाले, “छे छे, एकदा कबूल केलंय.” जुन्या माणसांची ही शिस्त.

२४ मे, गुरुवार

घरमालकानं हीटरच्या वार्षिक तपासणीला माणूस पाठवला, तो मानफ्रेड क्लोट्झ. मी काही ठरवलं नव्हतं. पण तो बॉयलरशी गुडघे टेकून बसला होता आणि मला त्याच्या पाठीशी बोलणं सोपं वाटलं.

मी म्हटलं, मला पंच्याऐंशीचं कळलंय.

त्यानं पाना खाली ठेवला. मग परत उचलला. सेहेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, हसरा माणूस. आधी त्यानं मला चाळण्यांचं सांगितलं. एकवीस आहेत. तीनमध्ये तो स्क्रू वेगळे करतो, एक बायकोनं श्पेट्झ्ले, म्हणजे इथल्या शेवया, करायला घेतली, एकीत मांजर झोपतं. “माझ्याएवढ्या चाळण्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नाहीत.”

मी म्हटलं, पण लोक हसतात तुम्हाला. तुम्ही चुकलाच नव्हतात. तुमच्या मुली आहेत, त्याही ऐकतात. मी खरं लिहिलं तर तुमचं नाव साफ होईल.

तो म्हणाला, “आणि रोल्फचं काय होईल?”

मी त्याला पाणी आणून दिलं.

“फ्राऊ गद्रे, लोक हसतात तेव्हा मला बरं वाटतं. दर वर्षी आठवण होते, की मी एकदा एक काम नीट केलं.” मग बॉयलरवर टिचकी मारून म्हणाला, “प्रेशर कमी आहे. पाणी भरावं लागेल.”

जाताना दारात परत थांबला. “खोटं लिहा असं मी सांगत नाही. ते मी एकदा सांगितलं, तेवढं पुरे. तुम्ही लिहाल ते लिहा. फक्त तो दिवस त्याच्याकडून काढून घेऊ नका.”

ही दोन वाक्यं एकत्र कशी पाळायची?

३ जून, रविवार

तीन मसुदे केले.

एक: ‘रोल्फ बॉयर्ले यांनी नो-हिटर नोंदवला.’ खोटं.

दोन: ‘नोंदवहीनुसार नो-हिटर नोंदवला गेला.’ खरं, पण वकिली. वाचून माझीच मला किळस आली.

तीन: सगळं जसं घडलं तसं. हे वाचताना मला माझा स्वतःचा आवाज फार आवडला. म्हणून फाडला.

१० जून, रविवार

ज्युनिअर संघाचा स्कोअरर आजारी, म्हणून टेबलावर मला बसवलं. नाना शेजारी. चौथ्या डावात सोपा चेंडू स्वरालीकडे आला, तिच्या ग्लव्हला लागून खाली पडला. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. उंचवटा नव्हता. ऊन डोळ्यांवर नव्हतं. मी लिहिलं: ई, चार नंबर, म्हणजे स्वराली.

नाना पुटपुटले, “आईनं लेकीच्या नावावर चूक लिहिली.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण काय होतं ते मला कळलं नाही.

गाडीत स्वरालीला म्हटलं, “तुला वाईट वाटलं असेल तर...”

“ममा, दस वार डोख आइन एरर,” ती म्हणाली. चूकच होती की. आणि कानात गाणी घातली. घरी आल्यावर मैत्रिणीला फोनवर हसून सांगत होती, की माझी आई सगळं लिहिते, स्वतःच्या मुलीचंही, तिच्याकडून काही लपत नाही. दोनदा तेच सांगितलं. मला फार लागलं. चौदा वर्षांच्या मुलीला आईची लाज वाटणं स्वाभाविक आहे, असं मी प्रतापला म्हटलं. प्रताप म्हणाला, “लाज? तुला जर्मन अजून येत नाही.”

पण टेबलावर ती चूक लिहिण्याच्या त्या क्षणी मला एक गोष्ट दिसली. मी ठरवून चूक लिहिली, आणि ती तिची राहिली. मानफ्रेडनं न झालेली चूक मागून घेतली. ती वहीत आहे, आणि तिच्याखाली पहिली हिटही आहे. वहीनं दोन्ही ठेवलंय. मग मी निवड कशाला करते आहे?

२३ जून, शनिवार

मजकूर छापखान्यात गेला. पंच्याऐंशीच्या सामन्याबद्दल मी दोन ओळी लिहिल्या: त्या शनिवारी हवा कशी होती, कुंपणाशी कोण कोण उभं होतं, आणि ‘सामन्याची मूळ नोंद पुढच्या पानावर.’ पुढचं पान म्हणजे स्कोअरबुकाच्या त्या पानाचा फोटो. सुधारणा न करता, खरवडलेल्या कागदासकट. ज्याला बघायचं तो बघेल.

हा भित्रेपणा आहे की नाही, ते अजून ठरत नाही. नानांना विचारलं. ते म्हणाले, “स्कोअररचं काम वही दाखवायचं. वाचून दाखवायचं नाही.” हे वाक्य त्यांना टेकडीवर मिळालं असावं, कारण मागाहून त्यांनी ते इंग्रजीतही म्हणून दाखवलं.

छापण्याआधी प्रूफं रोल्फकडे गेली होती. अठ्ठेचाळीस पानं त्यांनी लाल पेनानं तपासून पाठवली. प्रत्येक स्वल्पविरामावर मत. एकतिसावं पान, ते फोटोचं, कोरं. फक्त समासात एक शब्द: ‘मोठा.’ फोटो मोठा करा.

शेवटी माणूस तो माणूस. आपल्या पराक्रमाचं चित्र मोठं हवंच असतं. मला थोडं वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याबद्दल आणखी वाईट वाटलं. फोटो पूर्ण पानभर केला. पितळी भिंगाशिवायही दिसेल इतका.

१५ जुलै, रविवार

काल कार्यक्रम झाला. सगळं लिहायला हवं, पण बुधवारी नाना परत निघणार, त्यांच्या बॅगेत फ्राऊ रॉयट्टरनी दिलेल्या रेडकरंट जॅमच्या सहा बाटल्या आहेत आणि वजन बसत नाही. तरी लिहिते.

कुरणावर मांडव. गावचे महापौर आले, पंधरा मिनिटं बोलले, त्यात बेसबॉलचं काहीच नव्हतं. मग स्मरणिका वाटल्या. मी माझी प्रत न उघडता लोकांकडे बघत राहिले. लोकांनी जुने फोटो बघितले, आपापली नावं शोधली, ४१–३ वर हसले. एकतिसाव्या पानाशी बहुतेकांनी ‘आ, ते पान’ म्हणून उलटलं. मला हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

मग तांब्याची चाळणी. तिच्यावर ‘२५’ कोरलेलं. दर वर्षीचंच: कुणीतरी तो चेंडू पायांमधून कसा गेला ते अभिनय करून दाखवतं, सगळे टाळ्या वाजवतात, मानफ्रेड डोकं खाजवत पुढे येतो. रोल्फनी चाळणी हातात घेतली. मानफ्रेड समोर हात पुढे करून उभा. रोल्फनी ती दिली नाही.

“यंदा ही माझ्याकडे राहील,” ते म्हणाले.

लोक हसले, त्यांना वाटलं हाही गमतीचा भाग. रोल्फ हसत नव्हते. त्यांनी स्मरणिका उघडली, एकतिसावं पान मांडवाकडे धरलं, आणि म्हणाले की चेंडू पायांमधून गेला नव्हता, खांद्यावरून गेला होता, मोलच्या उंचवट्यामुळे. हिट होती. सहा नंबरनं ती आपली चूक म्हणून लिहवून घेतली, कारण कुंपणाशी एक माणूस सायकल धरून उभा होता. “माझ्या वडिलांनी मला एकदाच वाईट नाही म्हटलं. ते यानं मिळवून दिलं. पाटी उद्या उतरेल.”

पहिली टाळी फ्राऊ रॉयट्टरची. मानफ्रेडचा चेहरा, मान, टक्कल, सगळं लाल झालं. तो आधी माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली: मी सांगितलं नाही. मग तो रोल्फला काहीतरी म्हणाला, ते फक्त पुढच्या रांगेला ऐकू आलं. स्वराली पुढच्या रांगेत होती. तिनं मला सांगितलं, चक्क मराठीत: “तो म्हणाला, पाटी राहू दे, फक्त खाली माझं पण नाव घाल.”

तसं ठरलं. पाटी राहणार, दोन नावांची. त्या दिवसाला काय म्हणायचं ते क्लबाची सभा ठरवेल, आणि इथल्या सभा मी पाहिल्या आहेत. पन्नासाव्या वर्षापर्यंत ठरेल.

मला एकच गोष्ट छळते आहे. रोल्फना कळलं कसं? प्रूफात त्यांनी ते पान पाहिलं खरं, पण मोलचा उंचवटा आणि खांदा त्या पानावर कुठेच नाही. फ्राऊ रॉयट्टर शपथेवर सांगतात, त्यांनी सांगितलं नाही. मानफ्रेडनं तर नाहीच. म्हणजे माझ्याच चेहऱ्यावरून कळलं असणार. फोनवर मी ‘चौऱ्याऐंशीपर्यंत’ म्हणाले तेव्हाच माझा आवाज बदलला असेल. ई, माझ्या नावावर, आणि ही मोठी.

सकाळी चहाला नानांना हे सगळं बोलून दाखवलं. त्यांनी बशी खाली ठेवली. “सुनेत्रा, पिचर कुठे उभा असतो गं?”

“मैदानाच्या मधोमध.”

“चेंडू त्याच्यासमोरून जातो ना?”

“जातो. पण त्याचं इथे काय?”

“काही नाही,” नाना म्हणाले. “आणि ते भिंग त्यानं तुला कशाला दिलं होतं?”

मी म्हटलं, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून. नाना चहात तोंड घालून इतके हसले की चहा शर्टावर सांडला, तोच इस्त्रीचा. प्रतापही हसायला लागला. मला वाटतं परत जायच्या आनंदात नानांना कशाचंही हसू येतंय.

उद्या एकच काम: रोल्फचं भिंग परत करायचं.